तक्रारींचा पूर

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता. मी इंग्रजी शिकले ते तिथं. कॉलेजातही शिकले होते, पण ते परीक्षेपुरतं. क्लासचे सर म्हातारे होते, निजामाच्या अमदानीत कुठल्याशा कचेरीत उमेदवारी केलेले. दर शनिवारी ते सगळी मशिनं बंद करायला लावायचे आणि फळ्यावर इंग्रजी शब्दप्रयोग लिहायचे.

एका शनिवारी त्यांनी सांगितलं, एखाद्या गोष्टीवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं, तर ते पत्रात कसं लिहायचं. फळ्यावर एकाखाली एक ओळी उमटत गेल्या. नंबर ऑफ रिमार्क्स, स्पेट, व्हॉली, बराज आणि शेवटी फ्लड. आम्हाला सगळ्यांचा अर्थ एकच वाटला. पुष्कळ.

"सब एकच नक्को समझो, बेटा," सर म्हणाले. "हरेक लफ्ज का वजन अलग है. स्पेट मतलब अचानक, एक के पीछे एक. व्हॉली मतलब एक दम में छूटे सो. और फ्लड तब लिखना, जब गिनना मुश्किल हो जाए. गिन सकते तो फ्लड नक्को लिखो."

मला गंमत वाटली. आपल्याकडंही प्रश्नांची सरबत्ती होते, टीकेचा भडिमार होतो, कौतुकाचा वर्षाव होतो. माणसं फार बोलायला लागली की दोन्ही भाषांना एक तर तोफा आठवतात नाही तर पाणी. मी त्या ओळी घरी येताना रस्ताभर घोकत आले.

घर म्हणजे माझ्या चुलतीचं घर, मुकुंदवाडीत. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाचोडच्या बाजूला मेंढरं राखायचे. चुलता गेल्यावर चुलती पोराला घेऊन शहरात आली, बांधकामावर कामाला लागली. मी बारावी झाल्यावर आबांनी मला तिच्याकडं ठेवलं. तिचा पोरगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो मला आक्का म्हणायचा. चुलतीनं मला कधी परकं धरलं नाही. भाकरी थापताना पहिली गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "तू डोक्याचं काम करतीस, बये, खा."

क्लास संपला आणि मला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. त्या वर्षांत शहर पूर्वेला नि पश्चिमेला वाढत होतं. जिथं ज्वारी उभी असायची, तिथं पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. गावाकडची पोरं सायकलींवरून पाळीला यायची. मी लागले त्याच्या पुढच्या वर्षी माझा चुलतभाऊही प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढायच्या खात्यात, लागला. चुलतीनं त्या दिवशी गल्लीभर गूळ वाटला.

माझं काम पर्सोनेल ऑफिसरच्या हाताखाली. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. मॅनेजर दक्षिणेकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. गेटजवळ भिंतीला एक सूचनापेटी होती. कामगार त्यात मराठीत चिठ्ठ्या टाकायचे, आणि महिन्याकाठी त्यांचा सारांश इंग्रजीत करून मी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवायची. एकदा कँटीनच्या भातात खडे निघायला लागले, तेव्हा चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पडल्या. मी लिहिलं, 'अ स्पेट ऑफ रिमार्क्स'. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः कँटीनमध्ये येऊन कामगारांच्या बाकावर जेवले, आणि त्याच आठवड्यात तांदूळ बदलला. घरी मी हे मोठ्या हौसेनं सांगितलं. चुलतभाऊ जेवता जेवता ऐकत होता.

"म्हंजे लई चिठ्ठ्या पडल्या की साहेब लोक हलतेत," तो म्हणाला.

"हलतात," मी म्हणाले.

ते दिवस चांगले नव्हते. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटलेला होता. नामांतर व्हावं म्हणणारे आणि होऊ नये म्हणणारे, असे शहराचे दोन भाग झाले होते. भिंती घोषणांनी रंगायच्या, रात्रीत पुसल्या जायच्या, पुन्हा रंगायच्या. मोर्चा असला की सिटी बस बंद, मग आम्ही चालत कारखाना गाठायचो. कारखान्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण कँटीनमध्ये कोण कुठल्या बाकावर बसतं, ते बदललं होतं. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेली माणसं पाठ करून बसायची.

त्याच सुमाराला प्रेस शॉपला नवा सुपरवायझर नेमला. हर्सूलच्या बाजूच्या वस्तीतला, बौद्ध समाजातला. आयटीआय करून साधा कामगार म्हणून लागलेला आणि कामावर वर चढलेला. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. प्रेस मशिनला दोन बटणं असतात; दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा साचा खाली येतो. हात आत राहू नये म्हणून ती सोय. पण कामाचा वेग वाढावा म्हणून पोरं एका बटणात लाकडाची खुंटी ठोकून ठेवायची. याच शॉपमध्ये एका माणसाची बोटं गेली होती. नव्या सुपरवायझरनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या खुंट्या काढून घेतल्या आणि परत ठोकली तर मशिनवरून उठवीन म्हणून सांगितलं. चुलतभाऊ त्या संध्याकाळी घरी आला तो धुसफुसतच.

"काल आपल्या संगं मशिनीवर व्हता, आन आज आपल्याला शिकवतोय. त्यो!"

त्या 'त्यो'मध्ये जे होतं ते मला कळलं. चुलतीलाही कळलं.

महिना भरायच्या आधीच सूचनापेटी तुंबली. सगळ्या चिठ्ठ्या या सुपरवायझरविरुद्ध. कामाच्या वेळात नामांतराच्या गप्पा मारतो. मोर्च्यासाठी वर्गणी मागतो. आमच्या देवांना नावं ठेवतो. आपल्या माणसांना हलकं काम देतो. मी चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. हे खरं धरलं गेलं असतं, तर तो माणूस एक दिवसही टिकला नसता.

त्या संध्याकाळी जेवताना चुलतभाऊ एकदम हसला. "आक्का, पेटी बघितली का? सगळी आम्हीच भरली. मी आन माझा दोस्त, दोघांनीच. डाव्या हातानं बी लिवल्या काही."

"त्यातलं खरं किती हाय?"

"खरं-खोटं कोन बघतंय? तूच म्हनली व्हतीस ना, लई पडल्या की हलतेत."

चुलतीला चिठ्ठ्यांचं काही माहीत नव्हतं. पोरगा हसतोय म्हणून तीही हसली. मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला मॅनेजरांना पाठवायच्या नोटच्या डिक्टेशनला बोलावलं. ते पुण्याचे, बोलणं नेहमी गोड. माझ्या सारांशांमुळं त्यांनाही आता तसल्या शब्दांची चटक लागली होती.

"लिहा. वुई हॅव रिसीव्ह्ड अ फ्लड ऑफ कम्प्लेंट्स अगेन्स्ट द सुपरवायझर ऑफ द प्रेस शॉप."

माझी पेन्सिल थांबली. "सर, फ्लड नाही म्हणता येणार."

"मग? स्पेट म्हणायचंय का तुम्हाला?"

"स्पेटही नाही सर. चिठ्ठ्या जास्त असतील, पण माणसं जास्त नाहीत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

खरं सांगितलं असतं तर चुलतभावाची नोकरी गेली असती आणि चुलतीच्या घरातली चूल विझली असती. मी म्हणाले, "सर, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. मी चिठ्ठ्या परत नीट बघते."

"बघा," ते म्हणाले. "पण वातावरण कसंय ते तुम्हीही बघताय. अशा माणसाला तिथून हलवलेलं बरं. त्याच्याच दृष्टीनं बरं."

घरी गेल्यावर मी चुलतभावाला अंगणात बोलावलं. म्हणाले, तू स्वतः जाऊन साहेबांना सांग, रागाच्या भरात लिहिलं म्हण, माफी माग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल. आमचे आवाज चढले तशी चुलती बाहेर आली आणि तिला सगळं कळलं.

"त्येची नोकरी गेली तर तू पोसनार हायेस का आमाला?" ती म्हणाली. "आन कुनासाठी? ते आपले कोन लागतेत?"

रविवारी पहिल्या एसटीनं मी पाचोडला गेले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा होता. गावाच्या अलीकडंच एका पडीक रानात आबांची मेंढरं बसली होती. आबा घोंगडी अंथरून काठीच्या टोकाला पाला छाटायचं पातं बांधत होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं.

आबांनी पात्याची दोरी आवळली. मग म्हणाले, "मानूस कसाय त्यो?"

"चांगला हाय."

"हं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. नामांतराचं पहिल्यांदा पेटलं, तेव्हा आमच्या गावाजवळच्या एका वस्तीत बौद्धांची घरं जाळली होती. मी तेव्हा लहान होते, मला फक्त धुराचा वास आठवतो. आबा मेंढरं घेऊन माळावर होते. त्यांनी वरून सगळं बघितलं होतं. नंतर पोलीस आले आणि विचारत फिरले, किती जण होते, कोण होते.

"आख्खं गाव म्हनलं, लई हुते साहेब, लई हुते, वळकू आले न्हाईत. म्या बी तेच म्हनलं." त्यांनी पातं बोटानं चाचपलं. "लई नव्हते. म्या वरनं बघत हुतो. समदे वळकीचे. पन लई म्हनलं की कुनाचंच नाव घ्यावं लागत न्हाई."

"मग मी काय करू, आबा?"

"मला काय इचारतीस," ते म्हणाले. "तू बघ." आणि उठून मेंढरांकडं गेले. परतताना त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं.

सोमवारी सकाळी चुलतभाऊ माझ्याआधीच सायकल काढून निघून गेला. तो साहेबांकडं गेला नव्हता. मी गेले. सांगितलं, या सगळ्या चिठ्ठ्या दोघांच्या आहेत, आणि त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे. त्यानं मला स्वतः सांगितलं.

साहेब खुर्चीत मागं टेकले. "चुलतभाऊ? मग तर तुम्ही गप्प बसायला हवं होतं." मग म्हणाले, "हे बघा, दोघांनी लिहिलं काय नि दोनशे जणांनी लिहिलं काय, मनात तर सगळ्यांच्याच आहे. तुम्ही टाइप करू नका. मी दुसऱ्याकडून करून घेतो."

त्यांनी नोट दुसऱ्या टायपिस्टकडं दिली; दुपारपर्यंत ती मॅनेजरांच्या टेबलावर पोचली. मी माझ्या जागेवर येऊन बसले. 'मनात तर सगळ्यांच्याच आहे', हे वाक्य डोक्यातून हलत नव्हतं. सगळे म्हणजे कोण? त्या सगळ्यांत मीही होते का? दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मॅनेजरांच्या दारावर टकटक केली. तोवर मी त्यांच्याशी लिहूनच बोलले होते. तोंडानं इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा शिकलेलं सगळं पळालं. तुटक तुटक बोलले. सर, नॉट फ्लड. टू मेन. ओन्ली टू. वन इज माय ब्रदर.

त्यांनी नोट पुढ्यात ओढली, पुन्हा वाचली, आणि मला बसायला सांगितलं. मग घंटी वाजवून साहेबांना बोलावलं. पुढचं बोलणं माझ्यासमोर झालं नाही. मला बाहेर थांबवलं होतं. काचेतून फक्त साहेबांची मान दिसत होती, खाली गेलेली.

नोट मागं घेतली गेली. चुलतभावाला आणि त्याच्या दोस्ताला लेखी ताकीद मिळाली. मॅनेजरांनी सुपरवायझरलाही विचारलं, म्हणे, यांना काढू का? तो म्हणाला, काढू नका, पण माझ्या हाताखाली ठेवू नका. दोघांना दुसऱ्या शॉपमध्ये टाकलं. साहेबांनी मला पुढं कधी डिक्टेशनला बोलावलं नाही. दोन-तीन आठवड्यांत माझी बदली टाइम ऑफिसात झाली, गेटजवळच्या हजेरीच्या खोलीत, जिथं इंग्रजीचं काही काम नव्हतं.

ताकीद मिळाली त्या संध्याकाळी मी घरी आले तर माझी ट्रंक उंबऱ्याबाहेर होती. वर वळकटी, वळकटीवर माझा डबा घासून पालथा घातलेला. चुलती दारात बसली होती.

"तुजं सामान उचल," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "म्या तुला लेकीवानी ठिवलं."

"काकू, त्याची नोकरी गेली नाही."

"इज्जत गेली. साऱ्या गल्लीला ठाव झालं." मग तिनं तोंड फिरवलं. "जा बये, जा. अंधार पडायच्या आत जा."

मी रिक्षा आणली. टायपिंगच्या सरांनी त्यांच्या क्लासच्या गल्लीतच एका विधवा बाईंकडं मला खोली बघून दिली. ट्रंक माडीवर चढेपर्यंत ते थांबले. खाली गेले आणि चहा पाठवून दिला.

पुढं एकदा सुटीच्या वेळी सुपरवायझर टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबला. एवढ्या दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"ताई, घरी त्रास झाला ना?"

"झाला."

"आमच्या घरी बी भांडण चालू आहे. बायको म्हणती, सोडा ही नोकरी, दुसरीकडं बघा." तो घुटमळला. "एक विचारू? त्या चिठ्ठ्यांत लिहिलं काय होतं? मला कुणी दाखवल्याच नाहीत."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ज्या बोलण्यावरून या माणसाचं काम जायला आलं होतं, त्यातला एक शब्द त्याला माहीत नव्हता. त्याच्या कानावर फक्त एवढंच घातलं होतं, की तुझ्याविरुद्ध फार तक्रारी आहेत. मी आठवून आठवून एकेक चिठ्ठी मराठीत सांगितली. तो खाली बघून ऐकत होता. वर्गणीवर काही बोलला नाही. हलक्या कामावर नुसती मान हलवली. देवांची चिठ्ठी सांगितल्यावर मात्र त्यानं वर पाहिलं.

"हे मी कधीच बोललो नाही, ताई. माझी आजी अजून पूजा करती. मी तिला बी कधी काही म्हणलो नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं. पण माझा विश्वास होता.

त्याच्यावरचं बोलणं थांबलं असं नाही. चिठ्ठ्या थांबल्या, शेरे तोंडी सुरू झाले. पाठीमागून, शिट्टीबरोबर, मशिनच्या आवाजात मिसळून. वर्षभरानं त्यानं वाळूजला एका नव्या कंपनीत नोकरी धरली. जायच्या दिवशी त्यानं प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला. काही जण प्यायले, काही जण मशिनवरून उठले नाहीत.

मी तिथंच राहिले. लग्न झालं, दोन खोल्यांचं घर झालं. आबांनी मेंढरं विकली. चुलती माझ्या लग्नाला आली नाही, आणि चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. बऱ्याच वर्षांनी चुलतीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या घरी नातवंडांचा धुडगूस, धूळ. आणि माझं घर सरकारी दवाखान्यापासून जवळ. चुलतभावाची बायको एका दुपारी माझ्याकडं आली आणि म्हणाली, आत्याबाईंना पंधरा दिवस ठेवून घ्याल का? मी हो म्हणाले. चुलती आली, डोळ्यांवर हिरवी पट्टी, हात पुढं करून चाचपडत. पलंगावर बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी भाकरी कुस्करून तिच्या हातात द्यायचे, ती खायची.

चुलतभाऊ रोज पाळी सुटल्यावर डबा घेऊन यायचा. अंगानं भरला होता. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. औषध घातलं का, दवाखान्यात कधी जायचं.

अशाच एका संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. बाहेर कुठंतरी फटाके वाजत होते, आणि रस्ते नेहमीपेक्षा लवकर रिकामे झाले होते. चुलतभाऊ डब्याचं झाकण लावत होता, तो थांबला.

"काय झालं रं?" चुलतीनं विचारलं.

"नाव झालं."

"कशाचं?"

"विद्यापीठाचं."

"झालं का यकदाचं," चुलती म्हणाली. "लई वर्सं गेली. लई मानसं गेली." आणि उशी चाचपून आडवी झाली.

मी रेडिओ बंद केला. चुलतभावानं डबा पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि दाराशी उभा राहिला.

"आक्का, ते प्रेस शॉपचे साहेब कुठं असतेत आता?"

"वाळूजला. तिथंच आहेत अजून."

"भेटतेत का कधी?"

"भेटतात. बसमध्ये."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भेटले तर..." असं म्हणून तो थोडा थांबला. मग तो म्हणाला, "उद्या मायला दवाखान्यात मी नेतो. तू रजा नको टाकू," आणि जिना उतरून गेला.